बूट हातात घेतलेला माणूस

भिंगरी बूट हातात घेऊन घरात शिरली, तेव्हा तपासनीस खिडकीपाशी बसून रविवारी काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होता. भिंगरी ही त्याची मुलगी. दातांच्या डॉक्टरांना लागणारे खोटे दात जिथे बनतात तिथे ती नुकतीच नोकरीला लागली होती, आणि नोकरीच्या आनंदात घेतलेले तिचे बूट चालताना असे वाजत, की मागून बदक येतंय असं वाटून रस्त्यातली माणसं बाजूला होत. आज मात्र जिन्यात बदक वाजलं नाही. ती मोज्यांवर, चवडे टेकत, दोन्ही बूट नाड्यांना धरून आली आणि आतल्या बंद दाराकडे बघत कुजबुजली, "आईचं डोकं दुखतंय ना, म्हटलं झोप मोडायला नको. पणजोबांसारखी आले."

"कोण पणजोबा?"

"अरे, आजीचे बाबा. त्यांचे नवे बूट वाजायचे, म्हणून ते खाली जिन्याशीच काढायचे, हातात घ्यायचे आणि मोज्यांवर वर यायचे. आजी लहान होती तेव्हा, झोपलेली असायची. तिची झोप मोडू नये म्हणून." बूट कोपऱ्यात ठेवता ठेवता ती थबकली. "हे खरं तर तुला सांगायचं नव्हतं. आजी म्हणाली होती, कोणापाशी बोलू नकोस, तुझ्या बाबापाशी तर नाहीच. पण आता आजीच नाही, तर काय." आणि चहा टाकायला ती आत निघून गेली.

तपासनीस होता तसा बसून राहिला. मोठ्या नुकसानीची हकिगत तो नेहमी याच चेहऱ्याने ऐकत असे, कारण पोटाचा धंदाच तो होता. विमा कंपनीत तो दावे तपासायचा. गोदाम जळालं तर माल खरंच आत होता का, घरात पाणी शिरलं तर गालिचा आधीपासूनच कुजलेला होता का, हे तो वाकून, हुंगून, बोटाने खरवडून ठरवायचा. या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बायको म्हणायची, यांना आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी हे आधी ओळखपत्र मागतील. या कामात एक खूण अशी होती, की ती दिसली की तो पेन खाली ठेवायचा. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांच्या दाव्यांत एकच बारीकसा तपशील. दोघांच्या घरी आग लागली, असू शकतं. पण आग लागली तेव्हा दोघांच्याही घरी मांजर पियानोवर बसलं होतं, हे नाही चालत. इथे मोजे होते. दोन्हीकडे मोजे होते. आणि दोन्हीकडे साक्षीदाराला बजावलेलं होतं, की दुसऱ्यापाशी तोंड उघडू नकोस.

कारण ही गोष्ट त्याची होती. त्याच्या गोष्टीतले बूट त्याच्या वडिलांचे होते, जिनाही हाच होता, आणि झोपलेला होता तो स्वतः, दीड वर्षाचा, भिंतीकडे तोंड करून. वडील कामावरून येत, खाली बूट काढत, हातात घेत आणि मोज्यांवर वर येत, कारण पोराची झोप कावळ्यासारखी होती, जरा खुट्ट झालं की उडायची. हे आईनं त्याला एका आजारपणात सांगितलं होतं, कपाळावर ओली पट्टी ठेवता ठेवता, आणि वर म्हणाली होती, "हे आपल्या दोघांतच असू दे हं. बाहेर बोललं की बोथट होतं." त्यानेही ते जपलं होतं. शाळेत मुलं आपापल्या बापांच्या बढाया मारायची, कोणाचा बाप दारासकट माणूस उचलायचा, कोणाचा बाप साहेबाला शिव्या घालायचा, तेव्हा तो गप्प बसायचा आणि मनातल्या मनात जिन्याच्या पायऱ्यांवरून मोज्यांचा, न ऐकू येणारा आवाज ऐकायचा. लग्न झाल्यावर बायकोला एकदा सांगितलं, तेवढंच. येत्या रविवारी, आईच्या आठवणीसाठी तिला ओळखणारी माणसं जमतील तेव्हा, ती गोष्ट तो पहिल्यांदा चारचौघांत सांगणार होता. आईनं एकटीनं मला वाढवलं, पण माझ्या वडिलांना तिनं माझ्यासाठी असं जिवंत ठेवलं, इथून सुरुवात करून बुटांवर शेवट करायचा असं त्याचं ठरत आलं होतं. आणि आता ते बूट दुसऱ्याच एका माणसाच्या हातात निघाले होते.

एवढ्याशा गोष्टीने माणूस हादरावा का, असं त्याने स्वतःलाच दरडावून पाहिलं. पण हिशेब सरळ होता. वडील गेले तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. ताप आला आणि गेले. त्यांच्याविषयी त्याच्याजवळ जे काही होतं ते सगळं आईनं दिलेलं, आणि तेही फार नव्हतं. वडील संत्र असं सोलत की साल अखंड निघे, मग ती रिकामी साल पुन्हा मिटवून टोपलीत ठेवत आणि पाहुण्याचा हात तिकडे कधी जातो याची साळसूदपणे वाट बघत. दाढी करताना शीळ घालत आणि तिच्यातला एक सूर दर वेळी चुकवत, कारण बरोबर लागला तर गाणं संपेल असं त्यांना वाटे. एकुलत्या एका फोटोत त्यांचा चेहरा पुसट आला होता, कारण ऐन वेळी कडेवरच्या पोराने त्यांचं नाक धरलं आणि ते हसले. आणि बूट. पण संत्र, शीळ, फोटो हे सगळं गमतीचं होतं. वडील गमत्या होते एवढंच त्यातून कळत होतं. त्यांचा आपल्यावर जीव होता, याला पुरावा फक्त बुटांचा. बूट गेले तर एक सोललेलं संत्र तेवढं हातात राहत होतं, तेही रिकामं.

आईविषयी मात्र अशा गोष्टी त्याच्याजवळ नव्हत्या. आईच्या गोष्टी कशाला हव्यात, आई शेजारच्या खोलीत होती. ती रफू करायची. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर कोणाचा तरी कोट, नाकावर घसरलेला चष्मा आणि खोलीभर दुसऱ्यांच्या कपड्यांचा वास, तंबाखूचा, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, कधी महागड्या अत्तराचा. त्यामुळे लहानपणी त्याला वाटायचं, की आपल्या घरी पुष्कळ माणसं राहतात आणि नेमकी आत्ताच बाहेर गेली आहेत. कोटाला कसर लागून भोक पडलेलं असे, किंवा सिगारेटने जळालेलं असे. आई आधी कोट उलटा करायची. बाहेरचा दोरा कधी घ्यायची नाही. रंग कितीही जुळला तरी उजेडात परका दोरा ओळखू येतो, म्हणायची. त्याच कोटाच्या आतून, दुमडीतून, खिशाच्या पोटातून, जिथे मालकाचीही नजर जात नाही तिथून ती एकेक धागा ओढून काढायची आणि भोकावर उभे-आडवे विणत बसायची, इतक्या सावकाश, की बघणाऱ्याला वाटावं बाईला डुलकी लागली. मग कोट सुलटा करून गिऱ्हाइकापुढे धरायची आणि विचारायची, "दाखवा, कुठे होतं?" गिऱ्हाइकाने जागा बरोबर दाखवली तर उसवून पुन्हा करायची. तोही तिच्यामागे उभा राहून डोळे फाडून शोधायचा आणि त्याला ते कधीच सापडायचं नाही. बायकोचं म्हणणं असं, की विमा कंपनीत तो त्याचाच सूड घ्यायला गेला.

एकदा त्याने विचारलं होतं, "आई, आतून काढलंस, मग आतलं फाटत नाही?" ती सुईत ओवायला दोरा ओला करत होती, तो तोंडातून काढून म्हणाली, "आतलं विरतं. पण आतल्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही." हे त्याला आत्ता आठवलं आणि बरं वाटलं नाही. तेव्हा ती कापडाविषयी बोलत होती याबद्दल इतकी वर्षं त्याला शंका नव्हती. आता त्याला वाटलं, की हिने मला बनवलं. पोराला बापाच्या जागी भोक पडलंय, तर हिने आपल्या बापाच्या आठवणीतून धागा काढला आणि इथे विणला, आणि मी इतकी वर्षं त्या जागेवरून बोट फिरवत म्हणत राहिलो, की वा, काय अस्सल कापड आहे. आणि पुढे म्हातारपणी नातीनं विचारलं, तुझे बाबा कसे होते गं आजी, तेव्हा मूळ मालकाची वस्तू तिने मूळ मालकाला देऊन टाकली. एकच धागा दोन ठिकाणी वापरला गेला. ते दोन कपडे एकाच कपाटात एकमेकांशेजारी टांगले जातील हे तिच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं म्हणूनच दोघांनाही गप्प बसवलं. आईवर संशय घेणं आपल्याला जड जाईल असं त्याला वाटलं होतं. ते फार सहज जमलं, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं.

संध्याकाळी बायकोचं डोकं दुखायचं थांबलं, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून ऐकत होती. "अहो, गेलेल्या माणसाचा दावा कसला तपासताय," ती म्हणाली. "भरपाई कोणाला देणार?"

"खरं काय ते कळायला नको?"

"कळून?"

"रविवारी बोलायचंय मला."

"मग मामांना विचारा. तेवढेच उरलेत." आणि तिने कूस बदलली. ती कूस तिने जरा लवकर बदलली असं त्याला वाटलं. हिला काहीतरी माहीत आहे, अशी एक नोंद त्याने मनात केली आणि तिच्या पाठीकडे बघत राहिला. पाठीने काही कबूल केलं नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. टायरांच्या दुकानावरच्या एका खोलीत तो एकटा राहत असे. जन्मभर त्याने लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं, शेजारच्या सीटवर बसून, आपल्या पायाखालचा जास्तीचा ब्रेक सांभाळत. निवृत्त होऊन किती काळ लोटला तरी तो पाय काही निवृत्त झाला नव्हता. बोलताना काही अंगावर येतंय असं वाटलं की मामाचा उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. तपासनिसाला ही खूण चांगली माहीत होती. साक्षीदाराच्या नकळत साक्ष देणारा असा पाय मिळायला नशीब लागतं. शनिवारी दुपारी तो गेला तेव्हा मामा खिडकीत बसून रस्त्याला नापास करत होता.

"बघ, बघ, तो निळा. सिग्नल न देता वळला. याला मीच शिकवला असणार." मग भाच्याकडे न बघता म्हणाला, "बस. काय काढलंस?"

तपासनीस कधी थेट विचारत नसे. आधी आजूबाजूने फिरायचं, भिंतीचा रंग छान आहे म्हणायचं, आणि मग हळूच विचारायचं, की आग कुठून सुरू झाली. "काही नाही रे मामा. रविवारी आईबद्दल बोलायचंय. तिच्या लहानपणाचं काहीतरी असावं म्हटलं. तुमचे बाबा, म्हणजे माझे आजोबा, कसे होते?"

मामाचा पाय हलला नाही. "वाईट होते," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट. रविवारी बोलण्यासारखे नव्हते. घरात पाऊल टाकलं की आम्ही भिंतीला चिकटायचो."

"बूट घालायचे?"

आता मामाने मान वळवली. "हा काय प्रश्न झाला? घालायचे. कधीकधी बुटासकट झोपायचे. का?"

"ते म्हणे बूट हातात घेऊन जिना चढायचे. आई झोपलेली असायची म्हणून."

मामा बघत राहिला. खाली कोणीतरी टायरात हवा भरत होतं, तो आवाज वाढत वाढत गेला आणि थांबला. "कोण म्हणतं असं?"

"आईनंच सांगितलं भिंगरीला."

"ताईनं?" मामाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. "आमच्या बाबांबद्दल? अरे, त्यांना कोणाच्या झोपेची काय पडली होती. ताई लहानपणी शीळ घालायची, सुंदर घालायची, ती त्यांनी एका थोबाडीत बंद केली. नंतर घालायची ती एकटी असताना, आणि मधेच एक सूर गाळायची. तिथेच थोबाडीत बसली होती." मग चष्मा परत नाकावर चढवत तो म्हणाला, "बरं झालं. भिंगरीला तरी चांगला पणजोबा मिळाला."

तपासनिसाला वाटलं, आता थांबावं. जळालेल्या घरात एक पायरी अशी येते की तिच्यावर पाय देऊ नये, हे त्याला अनुभवाने कळायचं. त्याने पाय दिला. "मग बूट हातात घेऊन कोण यायचं? की कोणीच नाही?"

"ताई यायची," मामा म्हणाला, जसं काही हे विचारण्यासारखं नव्हतंच. "तुझा बाप गेला आणि मी तुमच्याकडे राहायला आलो, शिकायला. म्हणजे तुला सांभाळायला, शिकलो कुठे. ताई तेव्हा नाटक कंपनीचे कपडे दुरुस्त करायला जायची, यायला उशीर व्हायचा. तिच्या चपला तुटलेल्या. तुझ्या बापाचे नवेकोरे बूट तसेच पडले होते, त्याने दोनचारदाच घातले असतील. पुढे टोकाला कागदाचे बोळे कोंबून ती तेच घालायची. आणि ते असे वाजायचे, असे वाजायचे, की खालच्या कोपऱ्यावर ती वळली की मला वर घरात कळायचं. मी म्हणालो, ताई, एवढ्या मेहनतीने झोपवतो मी या राक्षसाला आणि तू बँड लावून येतेस. दुसऱ्या दिवसापासून खाली काढून हातात घेऊन यायला लागली. दार मी उघडायचो ना. बाई दारात उभी, हातात पुरुषाचे एवढाले बूट, पायात मोजे. चोर वाटायची."

"थंडीतसुद्धा?"

"थंडीत काय. मी विचारलं एकदा, ताई, पाय गारठत नाहीत? म्हणाली, छे." आणि मामाचा उजवा पाय जमिनीत रुतला, अगदी घट्ट, समोर कोणी आडवं आल्यासारखा.

हा पाय तपासनिसाने घरी जाईपर्यंत अनेकदा तपासला. सगळी साक्ष हलकी गेली होती, पाय दाबला गेला तो एकाच वाक्याला. म्हणजे बाकीचं खरं आणि तेवढं खोटं. गारठत नाहीत असं ती म्हणाली नसणार, किंवा मामाने तिला विचारलंच नसणार, ही जास्त शक्यता. पण उलटही असू शकतं. भाचा तोंड पाडून बसलाय, त्याला आईचं काहीतरी द्यावं, म्हणून म्हाताऱ्याने तिथल्या तिथे हे सगळं विणलं असेल आणि शेवटी शेवटी त्याचं त्यालाच जड गेलं असेल. बहीण-भाऊ एकाच घरात वाढलेले. हातात तीच सुई असणार. निघताना त्याने विचारलं होतं, "आणि माझे वडील कसे होते?" त्यावर मामा म्हणाला होता, "मी लग्नात पाहिला त्याला. जेवताना बोलत नव्हता. मी राहायला आलो ते तो गेल्यावर. मला नाही रे माहीत." पाय हलला नव्हता. निखळ, कोरडं, पूर्ण खरं असं एकच वाक्य आज मिळालं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

रस्त्याने चालताना त्याने एकेक वस्तू काढून उलटी करून पाहायला सुरुवात केली. शीळ तर आईची निघालीच होती, चुकवलेल्या सुरासकट. संत्र? वडिलांचे हात त्याला आठवत नव्हते, पण संत्र्याची साल एका फेऱ्यात काढणारी बोटं कोणाची असतील, हे सांगायला कंपनीचा तपासनीस लागत नव्हता. त्याच्या लहानपणीही पाहुण्याच्या हाती कधीमधी रिकामी साल यायची, आणि ती आली की आई पाणी आणायला आत जायची. ती इतका वेळ पाणी आणत असायची, याचा त्याने कधी विचार केला नव्हता. आता त्याला ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून, तोंडात पदर कोंबून हसताना दिसली. पण हे मी पाहिलंय की आत्ता बनवतोय, असं त्याने लगेच स्वतःला विचारलं. फोटोतला पुसट चेहरा उरला. फोटो बहुतेक नुसताच हलला असेल. फोटो हलतात.

म्हणजे सगळा प्रकार त्याने धरला होता त्याच्या नेमका उलटा होता. आईने आजोबांच्या अंगातून काढून वडिलांना लावलं असं तो समजत होता. पण आजोबांच्या अंगात काढण्यासारखं काही नव्हतंच. दोन्ही बापांच्या जागी भोकंच होती, आणि दोन्हीकडे तिने स्वतःतून ओढून घातलं होतं, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून. म्हणून तर तिची स्वतःची एकही गोष्ट शिल्लक राहिली नव्हती. आणि मी, तो मनात म्हणाला, मी खुर्चीतल्या बाईला जन्मभर नुसती रफू करणारी समजलो, आणि जिन्यातल्या माणसावर जीव टाकला. त्याला आईचा राग आला. ही चांगुलपणाची गोष्ट आहे हे त्याला कळत होतं, तरीही आला. चोरी स्वतःच्या घरात केली, म्हणून ती चोरी नाही असं कुठे आहे. तिने त्याला बाप दिला होता आणि आई लपवली होती. आणि आता आई हवी असेल तर बाप परत करावा लागणार होता. दोन्ही ठेवता येतील असा दावा कुठलीही कंपनी मंजूर करणार नाही.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"कधी?"

"लग्नानंतर तुम्ही सांगितलंत तेव्हाच. झोपलेल्या पोरासाठी बूट काढायचं कोणत्या पुरुषाच्या डोक्यात येतं हो? भिंगरी लहान असताना तुम्ही दार लाथेने लावायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचे वडील होते. माझ्या बोलण्याने गेले असते ते." घडी घालता घालता ती थांबली. "आणि सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही मला ती गोष्ट सांगत होतात ना, तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. मी काही बोलते का ते बघत होत्या. मी म्हटलं, किती छान. त्या आत गेल्या. तेव्हापासून आमचं कधी वाजलं नाही."

त्याने तिच्याकडे नवीन संशयाने पाहिलं. या घरात बायकांचं एक वेगळंच कामकाज चालू होतं आणि त्याला त्यातला एकही कागद कधी दिसला नव्हता.

रविवारी माणसं जमली ती इमारतीच्या तळमजल्यावरच्या नाच शिकवायच्या खोलीत. दुसरी मोठी जागा नव्हती. तिन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे पंचवीसेक माणसं आली होती ती शंभरावर वाटत होती आणि ज्याला त्याला आपण दुःखात कसे दिसतो हे तपासून घ्यायची सोय झाली होती. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बँडवाला आला होता, गणवेशाचा लाल कोट घालून. तो उठून म्हणाला, "बाईंनी माझा हा कोट तीनदा नीट केला. कुठे केला ते मला सांगता येणार नाही. शोधत बसू नका, मी शोधलंय." आणि खाली बसला. त्या दिवशीचं ते सगळ्यात चांगलं भाषण होतं.

तपासनीस उभा राहिला. ठरवलेली सुरुवात त्याला पाठ होती आणि ती अजूनही चालली असती. वडिलांना जिवंत ठेवणारी आई. लोक गहिवरले असते, मामाने मान खाली घातली असती, बायको किती छान म्हणाली असती. कोणी जागा दाखवली नसती. समोरच्या आरशात एक टक्कल पडलेला, कोट घातलेला, साठीकडे झुकलेला माणूस तोंड उघडून उभा होता, आणि त्याच्याकडे पाहताना तपासनिसाला पहिल्यांदा जाणवलं, की हा कोणासारखा दिसतो हे आपल्याला माहीत नाही.

"माझी आई वाजणारे बूट घालायची," तो म्हणाला.

कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. मग त्याने सगळं सांगितलं, कागदाचे बोळे, कोपरा, जिना, मोजे. पाय गारठायचे हेही त्याने सांगितलं, मामाकडे न बघता. तिची शीळ सांगितली. संत्र सांगितलं, तेव्हा दोन म्हाताऱ्या बायकांनी एकदम एकमेकींकडे पाहिलं आणि त्यातली एक म्हणाली, "मला दोनदा फसवलं हो तिने." हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं. सबळ पुरावा होता तो, बाहेरच्या साक्षीदाराचा. पण वाटलं नाही. प्रत्येक वाक्यासरशी आई खोलीत जास्त जास्त येत होती, आणि तेवढाच जिन्यावरचा एक माणूस उतरून खाली चालला होता, बूट घालून की हातात घेऊन ते दिसत नव्हतं. शेवट त्याने केलाच नाही. मधेच खाली बसला, आणि लोकांना वाटलं, हुंदका आवरतोय.

माणसं पांगू लागली तेव्हा भिंगरी त्याच्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिचा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. दावेदाराकडे बघताना तो स्वतः असाच चेहरा करत असे.

"बाबा, ती पणजोबांची गोष्ट होती."

"नव्हती."

"म्हणजे आजीनं मला खोटं सांगितलं?"

"मलाही. तुझ्या आधी."

"तुला काय सांगितलं होतं?"

"की ते माझे बाबा होते."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "की आज आजीबद्दल बोलायला काही नव्हतं, म्हणून तू तिनं सांगितलेली गोष्ट तिलाच चिकटवलीस?"

त्याला हसू आलं. पोरगी कामाची होती. "मामा तिथे बसलाय. विचार त्याला."

"विचारेन," ती म्हणाली, पण उठली नाही. नखाने खुर्चीचा रंग खरवडत राहिली. "मग पणजोबा गेलेच म्हणायचे."

"हो."

"मला आवडायचे ते." मग तिने विचारलं, "आणि तुझे बाबा? खरे कसे होते? कामावरून कसे यायचे घरी?"

ती वाट बघत राहिली. तिला सवय होती. या घरात विचारलं की मिळायचं. आणि नवलाचा भाग म्हणजे, उत्तर तयार होतं. ते ओठांशी आलंच होतं, पूर्ण, ऊबदार, मापात बसणारं. जिना ते सावकाश चढायचे, प्रत्येक मजल्यावर थांबायचे, कठड्यावर हात ठेवून वर बघायचे, आणि दारापाशी आल्यावर लगेच आत शिरायचे नाहीत, क्षणभर बाहेरच उभे राहून आतले आवाज ऐकायचे, सगळी आहेत ना म्हणून. इतकं खरं वाटणारं चित्र कुठून आलं म्हणून त्याने ते हळूच उलटून पाहिलं. गुडघे त्याचे होते. कठड्यावरचा हात त्याचा होता. भिंगरीच्या जन्मापासून दारापाशी असा उभा राहणारा तोच होता, आणि हे त्याने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

भिंगरी अजून त्याच्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि बराच वेळ दोघांपैकी कोणीच ती जागा भरली नाही.